न विचारता ओढलेला गाल

आक्का, तू गाल ओढून ठेवलेला मुखवटा मी पाण्यात बुडवला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण कोरेगावात तुझ्या विद्यार्थ्यांनी मला यावरून राक्षस ठरवून झालं आहे आणि त्यांची बाजू ऐकायला तू नाहीस. माझी ऐकायलाही नाहीस. पण मी बोलणार.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी वैशालीचा फोन आला. तुझ्या हाताखाली शिकलेली आणि आता तुझ्याच शाळेत चित्रकला शिकवणारी तुझी लाडकी. बोलायला गोड, पण मुद्दा सोडत नाही. तेही तुझ्याकडूनच शिकली असणार.

“मामा, बाईंच्या आठवणीत शाळेच्या हॉलमध्ये मुखवटे लावतोय. बाईंनी ज्यांच्या-ज्यांच्याकडून ज्याच्या-त्याच्या तोंडाचा मुखवटा करून घेतला, ते सगळे आपापला आणणार आहेत. तुमचाही हवा.”

“माझा झालेला न्हाई.”

“झालाय की. बाईंनी गाल ओढलेला तो. रंग नसला तरी चालेल. त्यावर बाईंचा शेवटचा हात आहे, मामा.”

“हात तिचा असंल. तोंड माझं हाय. तो मिळणार न्हाई.”

“मग?”

“मग काय? माझा मी करून आणतो.”

रागात बोलून गेलो आणि फोन ठेवल्यावर कळलं की शब्द दिला गेला. मधे दोन आठवडे होते. मुखवटा झाला नाही तर शब्द मोडल्याबद्दल तुझाच केलेला वैशालीला द्यावा लागणार, आणि तुझी सगळी पोरं त्याच्याखाली उभी राहून म्हणणार, हा बाईंचा भाऊ. तो मी नाही. हे मी तुला जिवंतपणी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.

सुरुवातीपासून सांगतो, कारण तू नेहमी तुझ्या सोयीच्या जागेपासून सांगायचीस.

दोन वर्षांपूर्वी जतच्या बाजाराला निघताना मी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं. रुक्मी चुलीपाशी होती. म्हणाली, “आवं, तोंड वाकडं कशापायी करताय?” मी करत नव्हतो. तोंडावरून वारं गेलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फुगे फुगवायला लावले. बरंचसं परत आलं, पण उजवा गाल लोंबता राहिला आणि उजवा डोळा मिटताना मागे पडायचा तो पडायचाच.

दुसऱ्या कुणाचं असं झालं तर लोक हळहळतात. माझं तोंड हे माझं हत्यार होतं, आक्का. लोकांची मेंढरं राखत सुरुवात केली मी, आणि चार बाजारांत माझ्या नावाने दलाल उठून उभे राहू लागले ते या तोंडाच्या जोरावर. आपल्याकडे मेंढरांचा भाव बोलून होत नाही. उपरण्याखाली हातात हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि वर दोघांची तोंडं दगडासारखी. ज्याच्या तोंडावर काही हललं, तो गेला. तीस वर्षं मी आपलं तोंड असं सरळ, कोरं ठेवत आलो होतो.

वारं गेल्यावर पहिल्याच बाजारात सिद्रामप्पाने हातात हात घेतला. जतचा जुना दलाल, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. माझ्याकडे बघून त्याने उपरणंच काढून टाकलं. “बिरूशेठ, तुमचं एक अंग व्हय म्हणतंय आन एक अंग न्हाई. मी कुठल्या अंगाशी सौदा करू?” सगळा बाजार हसला. मी हात काढून घेतला आणि घरी आलो. पुढे बाजारात गेलोच नाही. माणसं पाठवून धंदा चालवला. आणि मग तुझ्याकडे आलो, चार दिवसांसाठी म्हणून.

तू कीव केली नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आज मानतो. तू दार उघडलंस, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंस, अगदी जवळ येऊन, आणि टेबलावर आरसा ठेवलास.

“चहा?” मी म्हणालो.

“आधी तोंड काढ. मग चहा.”

“मला काढता येत न्हाई.”

“येत नाही ते मला ठाऊक आहे. तू बघतोस का, ते मला बघायचंय.”

पहिलं चित्र नजर आरशावरून न हलवता, कागदाकडे न बघता काढायचं होतं. मोड आलेल्या बटाट्यासारखं आलं. तू पोट धरून हसलीस. मी पेन्सिल फेकली. तू ती उचलून टोक काढून परत हातात दिलीस, पुन्हा फेकली, पुन्हा दिलीस. दुसरं चित्र डोळे मिटून काढलं, एक हात तोंडावर फिरवत आणि एक कागदावर. तिसऱ्याला पेन्सिलच नव्हती, काळा कागद फाडून नुसत्या सावल्या चिकटवायच्या होत्या. मग आरशाची अर्धी बाजू पुठ्ठ्याने झाकून एकेक अर्धं तोंड. मी म्हणालो, “नाक जरा बारीक करू का?” तू म्हणालीस, “बिरू, नाकाचा भाव होत न्हाई.”

चार दिवसांचे चोवीस झाले. मला त्याची गोडी लागली होती, हे कबूल करताना आजही जीभ अडते. कारण तुलाही माहीत आहे. बापाने तुला मावशीकडे कोरेगावला शाळेत ठेवलं आणि मला मेंढरांमागे धाडलं. मी सातवी केली ती बाहेरून, मेंढरांच्या तळावर बसून. पुढचं सगळं वाचन बाजाराच्या गावच्या लॉजवर, एकट्याने. हे मी जन्मभर उराशी धरून आहे आणि तू त्यावर एक शब्द कधी बोलली नाहीस. आणि पन्नाशी उलटल्यावर माझ्यापुढे पहिल्यांदा कोरा कागद कुणी ठेवला, तर तूच. उपकार आणि राग एकाच घोटात गिळायला लावलेस. नीट उतरले नाहीत.

मग शाडू मळलीस. चित्रं समोर लावून मी मातीचं तोंड घडवलं. चित्रांत गाल लोंबता होता, कारण तू दुसरं काही काढूच दिलं नव्हतंस. मातीत मात्र मी तो सरळ केला. वारं जाण्याआधीचा बिरू केला. तू आलीस, पाहिलंस, काही बोलली नाहीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तू आणि गप्प?

मातीवर कागदाच्या पट्ट्या झाल्या, वर लगदा चढवला. रद्दी, मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ, सगळं घर आंबूस वासाने भरलं. दुसऱ्या दिवशी, लगदा ओला असतानाच, मी स्टँडवर जाऊन पेपर घेऊन आलो. आणि बघतो तर गाल खाली ओढलेला. तुझ्या अंगठ्याने, एका फटक्यात, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत.

“कुणी केलं हे?”

“मी. तुझ्या चित्रात आहे तसं केलं.”

“मला इचारलं का?”

“विचारलं असतं तर करू दिलं असतंस?”

“न्हाई!”

“म्हणून नाही विचारलं.”

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. “आणि आक्का, तू डावा वढलायस! माझा उजवा गेलाय!”

तुझ्या तोंडावरचा रंग क्षणभर उतरला, ते मी पाहिलं. चूक साधी होती आणि तीही तू पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून समजावायचीस ती. आरशात माझा उजवा गाल उजवीकडेच दिसतो, म्हणून चित्रात तो कागदाच्या उजव्या बाजूला आला. पण मुखवटा लोकांकडे तोंड करून असतो. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो तो त्याचा डावा गाल. चित्र बघून घाईत ओढलंस आणि भलताच ओढलास. पण मान्य करशील तर तू कसली? म्हणालीस, “मुद्दाम केला. लोक तुला बघतात तो नाही हा. तू रोज आरशात ज्याच्यावर दात-ओठ खातोस, तो हा.”

चूक झाली की तत्त्वज्ञान सांगायची तुझी खोड लहानपणापासूनची. मला आजही कळलेलं नाही की तेव्हा तू खरं बोललीस की वेळ मारून नेलीस. मी मात्र जे बोललो ते चांगलं आठवतं. “शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडाला हात घालायचा परवाना मिळतो काय गं? शाळा तुला, मेंढरं मला, आणि आता तोंडबी तुझंच?” मुखवटा तसाच गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत बसलो.

सात महिने. आपण दोघं एकाच बापाची पोरं, आणि बापाने दोघांनाही एकच अक्कल शिकवली होती: सौद्यात जो आधी बोलला तो उतरला. मी तुझ्या फोनची वाट पाहिली, तू माझ्या. मधे एकदा तुझ्या ओळखीच्या ड्रायव्हरने शाडूची पिशवी आणून दिली. चिठ्ठी नव्हती. मी समजलो, ही एक पायरी खाली आली, अजून एक येऊ दे. पोच दिली नाही. मेंढरांच्या सौद्यात हे बरोबर असतं, आक्का. तिथे समोरचा पुढच्या बाजाराला परत येतो.

फोन आला तो शेजारच्यांचा. अंघोळीचं पाणी काढताना बसलीस ती उठलीच नाहीस. मी पोचलो तेव्हा तुला खाली घेतलं होतं. बायका रडत होत्या आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू शिकवलंस तसं, आधी कडा, मग सावल्या, मग डोळ्यांमधलं अंतर. हनुवटीखाली तुला तीळ आहे हे मला जन्मभराच्या ओळखीत पहिल्यांदा दिसलं. मला स्वतःची लाज वाटली, पण नजर हटेना. ती सवय लावलीस तू. दोष तुझा.

तर दोन आठवडे. मी तुझ्या पिशवीची शाडू भिजवली आणि भिंतीला आरसा टेकवून बसलो. पहिले तीन दिवस पुन्हा तेच सरळ तोंड काढलं. हट्ट होता. तुझ्या ओढलेल्या गालाला माझं उत्तर म्हणजे माझा सरळ गाल, दुसरं काही नाही. चौथ्या दिवशी सिद्रामप्पा दुखवट्याला आला. बसला, पाणी प्याला, तुझ्याविषयी चार शब्द बरे बोलला आणि मग त्याची नजर भिंतीवर गेली.

“ह्यो कोण?”

“मी. वारं जायच्या आदीचा.”

तो उठून जवळ गेला. “न्हाई वो. तुमी आसं कवाच नव्हता.”

“तीस वर्सं तुज्यासमोर उभा हाय मी, सिद्राम!”

“तेच सांगतोय की. खोटा आकडा दाबायच्या आदी तुमची डावी भुवई वर पटक्यात जायाची. सगळ्या बाजाराला ठावं हाय. तुमी बोट दाबायच्या आदी आमाला कळायचं, बिरूशेठ आता लांब फेकणार.”

“मग कवाच का सांगितलं न्हाईस?”

“सांगून माझा धंदा बुडवून घिऊ व्हय?” म्हणाला आणि दुखवट्याच्या घरात हसू नये म्हणून तोंडावर हात ठेवला.

तो गेल्यावर मी तांब्या आपटला. रुक्मीने तो उचलून जागेवर ठेवला. मी विचारलं, “खरं हाय का गं हे?” ती म्हणाली, “भुवईचं? मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. लग्नाच्या याद्या करतानाच माझ्या बानं वळखलं हुतं.”

म्हणजे मी तुझ्याशी सात महिने भांडलो ते अशा तोंडासाठी, जे माझ्याशिवाय कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पण आक्का, म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. तू विचारायला हवं होतंस. ते मी अजूनही सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

मग मी तुझ्यापेक्षा पक्कं काम करायचं ठरवलं. आरसा उलटा करून ठेवला. रुक्मीला समोर बसवलं आणि तिच्या हातात खडू दिला, फरशीवर माझं तोंड काढ म्हणालो. ती म्हणाली, “मला काय येतंय?” मी म्हणालो, “येत न्हाई ते ठावं हाय, तू बघतीस का ते बघायचंय.” बोलल्यावर कुणाचं वाक्य बोललो ते लक्षात आलं. तिने रांगोळी घालतात तसं एका ओळीत काढलं. भुवई वर, गाल खाली, दोन्ही ज्याच्या-त्याच्या बाजूला, आणि ओठ मात्र घट्ट मिटलेले. “ओठ असे हायत माझे?” “मग कसे?” एवढंच.

सिद्रामप्पाला पुन्हा बोलावलं, उपरण्याखाली हात दिला आणि खोटा आकडा दाबायला लागलो. तो हसत होता आणि रुक्मी मोबाईलवर फोटो काढत होती. त्या फोटोंवरून चित्रं केली, चित्रांवरून कागदी तुकडे कापून जागा बदलून बघितल्या, भुवई एक बोट वर, अर्धं बोट खाली. मातीच्या गळ्याशी उजव्या बाजूला ‘उ’ आणि डाव्या बाजूला ‘डा’ कोरलं. बाजू चुकणार नव्हती. निदान तुझी चूक मी करणार नव्हतो.

लगदा करायची वेळ आली तेव्हा रुक्मीने रद्दीचा गठ्ठा पुढे केला. मी गोणपाट सोडलं, आणि तुझा मुखवटा घमेल्यात घालून वर पाणी ओतलं.

“आवं, आक्कांचा हाय त्यो!”

“म्हणूनच.”

तो ठेवला असता तर कोरेगावात त्याला हार पडले असते. तुझ्या अंगठ्याचा खळगा लोकांनी हात लावून-लावून बघितला असता आणि माझं तोंड देव्हाऱ्यातल्या देवाच्या टाकासारखं होऊन बसलं असतं. ते मला नको होतं. तुलाही चाललं नसतं, कारण तू पोरांना सांगायचीस की कागद वाया जात नाही, भिजव आणि पुन्हा कर. दोन दिवसांत पट्ट्या सुटल्या. तो गाल सगळ्यात शेवटी सुटला. जोर लावला होतास. मी तो बोटांनी कुस्करला आणि बाकीच्या लगद्यात मिसळला. त्या वेळी माझ्या तोंडाचं काय झालं होतं ते रुक्मीने पाहिलं असेल. मी विचारलं नाही.

नव्या मातीवर लगदा चढवला आणि तो ओला असताना मी मुद्दाम उठून बाहेर गेलो. पारापर्यंत चालत, सावकाश. परत आलो. गाल मी ठेवला होता तसाच होता.

सावलीत वाळवला, भुवईपाशी तडा गेला, तो खळीने भरला. बाजारातला गुलाबी रंग नाही लावला. काव आणि काजळी, उन्हात राबलेल्या कातड्याचा रंग येतो तसा आणला. सांगलीला गाडी बदलून मांडीवर घेऊन कोरेगावला आलो.

हॉलमध्ये वैशालीने आधी माझ्या हातातलं बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. “बाईंचा कुठाय?”

“ह्यातच हाय. भिजवला.”

ती सगळ्यांसमोर रडली. “मामा, तुम्हाला काळीज आहे का?”

“हाय. डावीकडं का उजवीकडं ते तेवढं तुझ्या बाईंना इचारू नको.”

रडता-रडता तिला हसू आलं. ती गोष्ट तू तिला सांगितली होतीस तर! मग ती डोळे पुसत-पुसत म्हणाली, “बाई म्हणायच्या, त्या दिवशी चुकलं माझं.” मी विचारलं, काय चुकलं, बाजू की न विचारणं? ती म्हणाली, “तेवढंच म्हणाल्या. जास्त नाही.” मला नाही म्हणालीस, आणि तिला म्हणालीस. तेही अर्धंच. घे, हीसुद्धा एक तक्रार लिहून ठेव.

मग मुखवट्याखालच्या नावाच्या पट्टीवरून वाद झाला. तिला लिहायचं होतं, ‘बाईंनी सुरू केलेला’. मी म्हणालो, माझं नाव, बाकी काही नाही. ती एक पाऊल मागे आली नाही, मीही नाही. शेवटी माझं नाव आणि खाली ‘जत’ एवढं ठरलं. तुझी पोर आहे, पण माझ्याशी सौदा करायला अजून शिकायची आहे.

खिळ्याला टांगल्यावर मी हॉलच्या पार टोकाला जाऊन पाहिलं. गाल बरोबर आहे, बाजू बरोबर आहे, भुवई सिद्रामप्पाने ओळखावी अशी आहे. पण हनुवटी चुकली आहे. जवळून कळत नाही, लांबून कळते. एका बाजूला ओढ घेते आणि सगळं तोंड किंचित खोटं पाडते. वैशालीला दाखवली, तिला दिसली नाही. तुला दारातूनच दिसली असती आणि तू चपला काढायच्या आधी बोलली असतीस.

आता ते माझं मलाच बघावं लागणार. प्रदर्शन उतरलं की हा खाली घेतो, घमेल्यात घालतो आणि पुन्हा करतो. या वेळी हनुवटीपासून सुरुवात.